सगळे उजवे पाय

प्रिय बाबा,

हे पत्र ताईला वाचायला देऊ नका. डोळ्याची पट्टी निघाली की स्वतःच वाचा. फोन केला असता, पण फोन ताई उचलते आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

तुम्ही ताईकडे गेल्यापासून निसर्ग केंद्रातल्या तुमच्या सुतारखोलीला कुलूप आहे. सहली येताहेत. मी मुलांना नदीतल्या दगडांखालचे किडे दाखवते, पक्ष्यांचे आवाज ऐकवते. मुलांचं मात्र एकच, “पाणमांजराचे ठसे कुठायत?” सोळा दिवस झाले, वाळूवर एकही ठसा नाही. तुम्हाला जाऊनही सोळाच दिवस झाले. योगायोग असेल, असं मी मनाला बजावलं.

तरी मंगळवारी केंद्रातलं साच्यांचं कपाट उघडलंच. ठशांत प्लास्टर ओतून मुलांनी काढलेले साचे टेबलावर ओळीने मांडले. नावाडीकाका चहा घेऊन आले आणि हसत सुटले. “काय गं मास्तरीण, तुझं पाणमांजर लंगडी खेळतं का? सगळे उजवेच पाय!” मीही हसले. ते गेल्यावर दार लावून घेतलं. खरंच सगळे उजवे होते, बाबा. आणि प्रत्येक तळव्यावर बारीक, लांबट रेषा. सुताराच्या मुलीला लाकडाच्या रेषा ओळखता येणार नाहीत?

मग एकेक आठवत गेलं. सहल असली की त्या सकाळी तुमची सायकल माझ्याआधी केंद्रावर असायची. विचारलं की म्हणायचात, “बाकांचे खिळे बघतोय.” बाकांना इतके खिळे कुठून, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. गेल्या वर्षी कुणीच फिरकेना, केंद्र बंद पडणार म्हणून मी जेवताना रडले. तुम्ही नुसती आमटी वाढून घेतलीत. त्यानंतर पंधरवड्याच्या आत पहिला ठसा दिसला.

आपल्या घरातली पहिली पदवीधर मी. त्या पदवीच्या भरवशावर मी नोंदवहीत एकतीस वेळा लिहिलं, ‘पाणमांजर, ताजा ठसा’, आणि खाली सही केली. आमच्या प्रमुखबाईंनी ती वही वनखात्याला दाखवली. महिनाअखेरीस त्यांची माणसं येणार आहेत. नदीचा हा काठ राखीव ठेवायचा की बांधकामाला द्यायचा, ते माझ्या नोंदींवरून ठरवणार आहेत.

मी रागावलेय. पण खोट्याखाली माझी सही राहू देणार नाही, आणि एखादा ठसा खरा असेल तर तोही पुसणार नाही. म्हणून लिहितेय. साचे काही सगळ्याच ठशांचे काढलेले नाहीत. सोबत एकतीस तारखांची यादी आहे. जो ठसा तुमचा, त्यावर फुली मारा. एक जरी तारीख उरली, तरी तिच्यासाठी मी भांडेन. सगळ्यांवर फुल्या आल्या तरी यादी पाठवा, मी तीच त्यांच्यापुढे ठेवीन. फुल्या कुणाच्या विचारलं, तर माझ्या बाबांच्या म्हणेन, आणि मान खाली घालणार नाही.

तुमचीच,
धाकटी