नवी गाडी ऑइल खाते

बाबा, मी गाडी घेतली. तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला मुद्दाम कळवावं असं काही वाटलं नव्हतं, दवाखाना काढला तेव्हाही नाही. पण ही गाडी तुम्ही बघितली असती तर बॉनेट उघडून निदान अर्धा तास तरी आत डोकं घालून उभे राहिला असता. गडद निळी, जमिनीला टेकलेली, दोन दारांची स्पोर्ट्स कार. शेजारचे काका पहिल्या दिवशी भोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ह्येच्यात दोगाच बसतत?" मी म्हटलं, दोघंच. "मगे बाजार खंय ठेवतल्यात?" मी शेजारच्या सीटवरची भाजीची पिशवी दाखवली. पन्नाशी उलटलेल्या, दिवसभर लोकांच्या दाढा बघणाऱ्या बाईला अशी गाडी कशाला हवी, हे नांदगावात मला कुणी तोंडावर विचारलं नाही, एवढं मात्र खरं.

मी ती फार जपून चालवली. नवं इंजिन आधी हळू चालवायचं असतं एवढंच मला ठाऊक होतं, आणि तेही तुमच्या गॅरेजमधून काम होऊन निघालेल्या गाड्यांच्या मागच्या काचेवर खडूने 'रनिंग इन' लिहिलेलं असायचं त्यावरून. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक मी उघडलंच नाही. रविवारी सकाळी नांदगावहून निघायचं, देवबागला खाडी आणि समुद्राच्या मधल्या वाळूवर जाऊन बसायचं आणि परत यायचं. पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. ट्रक मागे टाकून जायचे, रिक्षासुद्धा जायच्या. दीडेक हजार किलोमीटर झाले असतील, एका रविवारी परत येताना समोर पिवळा दिवा लागला. ऑइल कमी. घरी येऊन मी इंजिन निवू दिलं, ऑइल बघायची पट्टी बाहेर काढली, रुमालाला पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं. एक लिटर ओतलं. महिन्याभराने पुन्हा तोच दिवा.

पट्टी पुसताना एक दिवस आठवला. मी बारा वर्षांची असेन. गॅरेजात एक जीप उभी होती आणि तुम्ही जेवायला घरात गेला होता. मी तिची पट्टी काढून बघत होते. दादाला तुम्ही त्याच वर्षी नटबोल्टांचे पाने ओळखायला शिकवलं होतं, त्याला आवड नव्हती तरी. तुम्ही मागच्या दाराने आलात, माझ्या हातातली पट्टी घेतलीत आणि म्हणालात, "हात धू नि घराक जा. हयसर तुजा काय काम नाय." आवाज चढवला नव्हता. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दगडावर राखेने हात घासले, आणि आई म्हणाली, पोरीचे हात काळे झालेले त्यांना बघवत नाहीत. असेल तसं. दादा आता मुंबईत विम्याच्या कचेरीत आहे, गाडीचं चाक बदलायला माणूस बोलावतो. मी गाडी चालवायला शिकले ती अडतिसाव्या वर्षी, मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, तुम्ही गेल्यावर.

कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, "मॅडम, नवीन इंजिन थोडं ऑइल घेतंच. लिमिटमध्ये आहे." दुसऱ्यांदाही हेच सांगितलं. तेव्हा मी इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्यातल्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. तिथे निवृत्तीला आलेला एक मेकॅनिक होता. त्याने गाडीला कॉम्प्युटर जोडला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मॅडम, आपण कुठल्या?" नांदगाव म्हटल्यावर त्याने चष्मा काढला. "मी इन्सुलीचो. मगे मालवणीत सांगतंय. तुमी गाडी लय जपल्यात." मला वाटलं कौतुक करतोय. "पिस्टनाच्या रिंगो नवीन असतत. सिलिंडराच्या आतल्या भिंतीक घासान त्यो बसूक होयो. इंजिनाक जोर लागलो तरच बसतत. तुमी जोरच लावक नाय. ऑइल वर जाता नि जळता." मी विचारलं, आता? "आता चढणीर घाला. तिसऱ्या गियरात ओढा, मगे पाय काढा, आपसूक हळू होवंदे. परत ओढा. बसल्यो तर बसल्यो." आणि नाही तर? "नायतर इंजिन खोलूचा लागतला."

पुढच्या रविवारी सकाळी मी देवबागला न जाता फोंडा घाट धरला. पहिल्या वळणानंतर गियर तिसरा टाकला आणि पाय दाबला. इंजिनाचा आवाज मी इतके महिने ऐकलाच नव्हता हे तेव्हा कळलं. पाय काढला, गाडी मागे खेचल्यासारखी हळू झाली, पुन्हा दाबला. आणि मग त्याच चढणीवर मी एका ट्रकच्या केबिनमध्ये बसले आहे. नऊ वर्षांची. इंजिनाचं काम तुम्ही नुकतंच संपवलंय, मागे जांभ्या दगडाचे चिरे भरले आहेत, स्टिअरिंगवर तुम्ही, दाराकडे ट्रकचा मालक आणि मधे मी, कारण आई माहेरी गेली आहे आणि मला सांभाळायला कुणी नाही. ट्रक कण्हतोय, तुम्ही पाय उचलत नाही. मालक घाबरून म्हणतो, "मेस्त्री, नवीन काम आसा, जरा हळू." तुम्ही समोर बघतच म्हणता, "आता लाड केले तर जल्मभर ऑइल खातला. ओढूंदे तेका." मी मालकाची बाही घट्ट धरली आहे. तुमची नाही, तुमचे हात कामात आहेत. खडूने 'रनिंग इन' लिहिलेल्या गाड्या तुम्ही घाटात नेऊन अशा चालवत होता, आणि माझ्या लक्षात राहिला तो फक्त खडू.

त्या दिवशी मी घाट चार वेळा चढले. पुढचे दोन महिनेही दर रविवारी. पट्टीवरचं ऑइल पहिल्यांदा अर्ध्या वेगाने उतरलं, मग जवळपास थांबलं. पूर्ण नाही. गाडी पुन्हा गोव्याला नेली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, एवढं राहील, इंजिन खोलायची गरज नाही. मग त्याने हात पुसत विचारलं, "सांगान लोकांका जमणा नाय. भियेतत. तुमका असा ओढूक कोणी शिकयला?"

मी म्हटलं, बाबांनी. माझे बाबा नांदगावात मेकॅनिक होते. त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. त्याने मान डोलावली, आणि मग मला थांबता येईना. तुम्ही माझा हात गियरवर ठेवायचात, आवाज ऐक म्हणायचात, कान इंजिनाकडे ठेव म्हणायचात, असं मी बोलत राहिले, चांगली दहा मिनिटं. तो म्हणाला, "नशीबवान तुमी. माज्या बापाशीन माका कायच शिकवक नाय." मी गाडीत बसून निघाले.

बाबा, मी त्याला सांगितलं त्यातलं काही झालं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पत्र पोचायचं नाहीच, म्हणून लिहायला हरकत नाही: पुन्हा कुणी विचारलं तर मी हेच सांगणार आहे.