पट तेवीस, हजर तेवीस

१० नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! कराडहून बोरझरी म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसरं गाठणं. रात्रभर बस, मग वाशीम, मग अनसिंग, आणि अनसिंगपासून सहा किलोमीटर काळीपिवळीत, मांडीवर दुसऱ्याची कोंबडी घेऊन. चार वर्षं नेमणुकीची वाट पाहिली, त्यामुळे कोंबडीचंही काही वाटलं नाही.

मुख्याध्यापक दौलतराव सर फाट्यावर घ्यायला आले होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, खिशाला दोन पेनं, बोलायला एकदम मोकळे. मला सातवीचा वर्ग दिला. पट तेवीस. आधी हा वर्ग किशन गुरुजींकडे होता म्हणे, आणि त्यांनाही इंटरनेटवरून काहीबाही शोधून मुलांना दाखवायचा नाद होता. म्हणजे गादी योग्य वारसाला मिळाली!

खोली रऊफभाईंच्या घरात मिळाली. त्यांचं गाद्या-रजया भरायचं काम, त्यामुळे अंगणात पिंजलेला कापूस उडत असतो. घरात त्यांची आई अमिरुन्निसा, जिला सगळं गाव दादी म्हणतं, आणि मुलगी अर्शिया. दोन वेण्या, पुढच्या दातांत फट, माझ्याच वर्गात. तिची आई ती लहान असतानाच गेली. मी बॅगा उघडायला लागले तर दादी म्हणाली, "सामान मंग लाव बेटी, पयले जेवून घे." ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी, इतकी तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी आलं. अर्शिया गुळाचा खडा घेऊन धावत आली.

दिवसभर स्क्रीन बघून डोळे जातात, म्हणून रोजनिशी मात्र वहीत, शाईच्या पेनानं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आई म्हणते, लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, आमची निकिता लिंका जमवते. जमवते आणि वाटते! परिपाठ झाला की पालकांच्या गटावर रोज एक दुवा टाकते आणि वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवते. मंगळवारी कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, काल शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे, आज पक्ष्यांचे आवाज. टिटवी ऐकून गोलू उभा राहिला आणि म्हणाला की ही टिटवी आपल्या तलावावरची नाही, आपली याच्यापेक्षा जास्त भांडते. वर्ग हसून लोळला, मीही.

हा गोलू हजेरीचा पहिला नंबर, आणि रोज उशिरा. सकाळी त्याचं नाव घेतलं तर मागच्या बाकावरून जाडा आवाज काढून अर्शियाच "हजर" म्हणाली. खडसावलं, तर म्हणते, "तो येऊनच राह्यला मॅडम, रस्त्यातच हाय." आणि दोन मिनिटांत स्वारी आली, तुटकी चप्पल हातात घेऊन. रागवायचं होतं, पण हसूच फुटलं. दुसऱ्यासाठी हजर म्हणायचं नाही, एवढंच सांगितलं. पोरीनं मान डोलवली, पण डोळ्यांत खोडी तशीच होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घबाड सापडलं! शाळेच्या जुन्या संगणकात किशन गुरुजींनी जपून ठेवलेले एकतीस दुवे मिळाले. एकेक हिरा. शेवटच्याला फक्त 'आपली सातवी' असं नाव दिलंय.

उघडलं तर हिरवा फळा, खडूचं अक्षर आणि एका पुरुषाचा शांत आवाज. दोन दिवस मी अपूर्णांकांशी झटत होते, आणि नेमका तोच धडा समोर. उदाहरणं शेताच्या बांधाची, तुरीच्या पोत्यांची. भाषा इथलीच. जे मला जमत नव्हतं ते दहा मिनिटांत मुलांच्या डोक्यात शिरलं. असं पान इतकी वर्षं शोधतेय मी!

दौलतराव सर दारात थबकले. आवाज अगदी किशन गुरुजींसारखा आहे म्हणाले. "माणूस लय जीव लावायचा पोराईले." गुरुजी हल्ली कुठे असतात विचारलं. सर बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, बदली झाली असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पानाखाली हजेरीची सोय आहे. मुलांची नावं टाकायची, प्रत्येकानं आपापल्या नावापुढची 'हजर'ची चौकट दाबायची, म्हणजे धडा त्या मुलापर्यंत पोचतो. सोमवारी केंद्रशाळेत तक्ता जायचाय, ऑनलाइन अभ्यासाला किती मुलं जोडली याचा. म्हणून तेवीस नावं आधी या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली, मग तिकडे भरली.

अडचण अशी की फोन चौदा जणांच्याच घरी. पाचजण आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेत आणि चौघांकडे फोन नाही. अर्शिया त्या चौघांतली. रऊफभाईंना विचारलं तर त्यांनी साफ सांगितलं की पोरगी मोबाईलला हात लावणार नाही, दहावीपर्यंत नाही. अर्शिया हिरमुसली.

चौदांनी आपापली चौकट दाबली. उरलेल्या नऊ मी दाबल्या. कुठल्या शाळेत हे होत नाही? पाहणी असली की गैरहजर पोरांपुढेही हजेरीचं टिंब पडतं. आणि यात खोटं ते काय, येऊनच राह्यली, रस्त्यातच हायेत! अर्शियाची सगळ्यात शेवटी दाबली, तिचा नंबर तेविसावा. पट तेवीस, हजर तेवीस. वर्गशिक्षकाच्या जागी माझं नाव लिहिलं. पण माझी चौकट काही दबेना. शिक्षकाची हजेरी मुलं देतात, असं खाली बारीक अक्षरात होतं. कल्पना आवडली.

दुवा तालुक्यातल्या शिक्षकांच्या गटावरही टाकला. फुलांच्या गुच्छांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. मी कौतुकाला भुकेली आहे, कबूल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आता धडा सुरू व्हायच्या आधी तो आवाज स्वतःच नावं पुकारतो. मुलं घरूनही "हजर" म्हणतात, पालक कौतुकानं सांगतात. मी हे करायला सांगितलं नव्हतं, पण छान वाटलं.

गोलू दोन दिवस आला नाही. वर्गात विचारलं तर सगळी एकमेकांकडे बघायला लागली. ऊसतोडीला गेला असेल, असं कुणीतरी म्हणालं. आज अर्शियानंही त्याच्यासाठी आवाज काढला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

वर्गात आज पंधरा मुलं. बाहेरगावी गेलेली पाच सोडली तरी अठरा हवीत. हजेरीपट काढला तर त्यात नंबर सुटलेले. एक नाही, चार नाही, नऊ नाही. खाडाखोड नाही, नुसत्या कोऱ्या ओळी. सर म्हणाले, लिहिताना आकडे सुटले असतील.

दुपारच्या सुट्टीत गोलूच्या घरी गेले. त्याची आई बेबीबाई अंगणात तूर निवडत होती. गोलू का येत नाही विचारलं. ती हसली. "कोन गोलू? मले पोरगंच नाई मॅडम. एकच लेक हाय, पाचवीतली." चहा टाकते म्हणाली. चुलीवरचं भांडं तिनं ज्या फडक्यानं उतरवलं तो शाळेचा शर्ट होता, लहान मापाचा. चहा प्यायला नाही मी.

अंगणात तुटकी चप्पल पडली होती. एकच.

४ डिसेंबर, गुरुवार

आज वर्गात नऊ. ऊसतोडीला गेलेल्या पोरांच्या मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, बोरझरीच्या टोळीत लेकरं नव्हतीच. पाचही नाहीत. त्यांनी ते पान कधी पाहिलंही नव्हतं. चौकटी मी दाबल्या होत्या.

वहीचं मागचं पान वाचलं. तेवीस नावं, माझं अक्षर. ऊसतोडीची पाच सोडली तरी नऊजणांचे चेहरे मला आठवतच नाहीत. शिकवलंय मी त्यांना. तीन आठवडे.

दौलतरावांना किशन गुरुजींचा पत्ता मागितला. असे कुणी गुरुजी इथे नव्हते म्हणाले, जागा चार वर्षं रिकामी होती. मी वही उघडून दहा तारखेचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मॅडम, तुमी लय जागरन करून राह्यल्या का?"

गटावरून दुवा पुसला. संगणकातून काढला. पान तरी उघडतं. नावं खोडता येत नाहीत. शिक्षकांच्या गटातून तो अकरा शाळांत गेलाय. प्रत्येकीला फोन केला. अकराही ठिकाणी खूश आहेत.

८ डिसेंबर, सोमवार

सातवीत चार मुलं. आवाज आता नंबराच्या क्रमानं पुकारतो. एकोणिसापर्यंत आलाय.

रऊफभाईंचे पाय धरले आज. पोरीला वाशीमला नेऊ, कुठेही नेऊ, मी चूक केली, तिच्या नावापुढे मी — ते शांतपणे उशी भरत होते. कापसात चिंध्या कोंबत होते. निळा फ्रॉक होता, शाळेचा. मी ओरडले. त्यांनी फ्रॉककडे पाहिलं आणि विचारलं, हा कोणाचा?

दादीनं जेवायला तीन ताटं वाढली. आम्ही चौघं होतो. अर्शिया भिंतीला टेकून उभी. दादीनं तिच्याकडे पाहून मला विचारलं, "कोनाची पोरगी हाय ही? भुकेली दिसते."

माझ्या ताटावर बसवून जेवू घातलं तिला. माझा पदर सोडत नव्हती. "मॅडम, दादी मले काहून वळखत नाई?" काय सांगू? तुझं नाव मी लिहिलं, तक्त्यासाठी लिहिलं, शाबासकीसाठी लिहिलं, हे कसं सांगू त्या लेकराला?

९ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. सगळं सांगितलं. रडली नाही. म्हणाली, तुमी माह्यासाठीच केलं ना मॅडम, मी सुटू नये म्हणून.

बावीस झाले.

१० डिसेंबर, बुधवार

तिचा हात धरून बसले. दिवसभर. शाळेत गेले नाही. चार वाजता दादीनं चहा आणला. एक कप घ्यायला हात सोडला —

मनगटावर शाईनं नाव लिहिलंय. पुसू नको. पुसू नको.

११ डिसेंबर, गुरुवार

सर म्हणाले, आपली शाळा सहावीपर्यंतच. तुम्हाला सहावी दिली आहे.

मनगटावर 'अर्शिया' लिहिलंय. अक्षर माझं. वही वाचली तेव्हा कळलं, कोण ते. चेहरा येत नाही. रडू येतंय आणि कुणासाठी, ते —

दुपारभर मोबाईलवरच्या त्या पानाला कान लावून बसले. तेवीस आवाज. एका बारीक आवाजाला मी का दचकते?

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळचे अकरा. सातवीच्या खोलीत मी एकटी. दार सताड उघडं, ऊन आत आलंय. बाहेर मुलं कवायत करताहेत. मोबाईल टेबलावर. पान आपोआप उघडलंय.

तो नाव घेतो, मुलं हजर म्हणतात, म्हणून ती त्याची होतात. मग मीही घेते. वहीच्या मागच्या पानावरून. मला उत्तर दिलं तर माझी. घडेल तसं लिहिते.

एक. गोलू. काही नाही.

दोन. नाही. तीन. नाही.

दहा. नाही.

बावीस. नाही.

तेवीस. अर्शिया.

"हजर."

मागच्या बाकावरून. बाक रिकामा — पण हजर म्हणाली. पुन्हा घेतलं. पुन्हा हजर. आठवली! दोन वेण्या, दातांतली फट, गुळाचा खडा, सगळं आठवलं. अर्शिया, इकडे ये बाळा, माझ्याजवळ —

तोही पुकारायला लागला. भराभर. एक ते तेवीस. सगळी हजर म्हणताहेत.

थांबला.

माझं नाव घेतलं. निकिता मॅडम.

नाही बोलणार. तोंडावर हात दाबलाय. मी बोलले नाही तर काही होत नाही. माझी चौकट मला दाबता येत ना —

शिक्षकाची हजेरी मुलं —

पुन्हा माझं नाव.

मागच्या बाकावरून कुणीतरी घसा खाकरतंय. मोठ्या बाईचा आवाज काढतंय. माझा आवाज. नको अर्शिया. दुसऱ्यासाठी हजर म्हणायचं नाही, सांगितलं होतं ना बाळा, नको —

"हजर गुरुजी. मॅडम येऊनच राह्यल्या, रस्त्यातच