खांद्यावरचे घट्टे

प्रिय अतुल,

पोळ्याले घरी आलता तेव्हा तू म्हणला, "ताई, बाभुळगावले दुकानात बैठं काम भेटलं. खुर्चीवर बसून बसून पाठ धरली." मी तेल कोमट केलं अन् तुले सतरंजीवर पालथं झोपवलं.

बारा वर्षं झाले, वणीत बायांची मालिश करून राह्यली मी. कापूस वेचणारीची कंबर मले डोळे मिटून समजते. खुर्चीवर बसणाऱ्याची मान आखडते. तुही मान तर लोण्यावानी मऊ होती, अन् दोन्ही खांद्यांवर दोन-दोन बोटं रुंद घट्टे होते. असेच घट्टे मी बाबाच्या खांद्यावर चोळत होती. फवारणीच्या पंपाचे पट्टे तिथंच रुततेत.

औषधाचं विष अंगात भिनून यंदा किती फवारणीवाले दवाखान्यात भरती झाले, तुले माहीत हाय. मले घोर नको म्हणून तू खोटं बोलला. पण माह्या हाताले फसवणं तुह्यानं होत नाही.

राजूरचे खाणवाले माणसं मालिशवाला गडी शोधून राह्यले. तुले मी शिकवतो.

हे पत्र पाठवत नाही. वाचलं तर तू नवीन खोटं तयार ठेवशील. रविवारी तेलाची शिशी घेऊन मीच येतो. आधी शर्ट काढजो, मंग खुर्चीचं सांगजो.

तुही ताई,
शीला