टिप्या घरी कावून?

बुधवार, दिवेलागणीला

टिप्याला दोनदा हाकललं. पुन्हा म्हशीच्या रिकाम्या खुंट्याजवळ येऊन बसला. कुत्र्यावर एवढी कावून चिडतेय मी?

सासूबाई लेकीच्या गावी, कड्याला गेलत्या, तेव्हा ह्यांनी आन् मी म्हैस विकली. त्यांनीच रेडकापासून वाढवलेली. आल्यावर सांगितलं, दुष्काळ हाय, दूध सोसायटीच्या चारा छावणीत बांधलीय. त्यांना पटलं. मला वाटलं, सुटले.

पण म्हैस जिथं, तिथं टिप्या. हे माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?

आज सासूबाई त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "छावणी तर इथंच वेशीबाहेर हाय. मग टिप्या घरी कावून?"

मी भाकरी थापत राहिले.

त्या उठून बाहेर गेल्या.

खुंट्याजवळ आता दोघं बसलीत.