बार लागला काय रे?

बाबा, उद्या सकाळी मला बंदुकीचा सायलेन्सर निवडून सांगायचा आहे. तुम्ही हसाल. तुमच्या ठासणीच्या बंदुकीचा बार झाला की खालच्या वाडीतली कुत्री तासभर गप्प बसत नसत, आणि तुमचा मुलगा इथे स्कॉटलंडमध्ये आवाज मारणारी नळी निवडतोय. इथे तिला मॉडरेटर म्हणतात. रायफलच्या तोंडाला आटे असतात, त्यावर फिरवून बसवायची. चोरटं काही नाही, पोलिसांच्या परवान्यावर तीसुद्धा लिहिलेली असते. मी आधी लंडनजवळ हाउन्सलोला एअरपोर्टच्या गोदामात होतो, मग ग्लासगोला एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कांदे कापले. कुठेच वर्ष काढलं नाही, तुम्हाला माझं माहीतच आहे. इथे मात्र दुसरा हिवाळा चाललाय. डोंगरावरून मारून आणलेली हरणं सोलायची, धुवायची, टांगायची, हे माझं काम. सुरी तुम्ही शिकवलीत तशीच चालते.

हरणं मारतो तो म्हातारा इथला पगारी शिकारी आहे. हरणी फार वाढल्या की कोवळी झाडं उरत नाहीत, म्हणून दर हिवाळ्यात काही कमी करायच्या असतात. चाळीस वर्षं उघड्या नळीने बार काढून त्याचा डावा कान गेलाय, तुमच्यासारखाच, आणि उजवा जेमतेम. मला तो लॅड म्हणतो, म्हणजे पोरा. परवा त्याने टेबलावर तीन मॉडरेटर मांडले आणि म्हणाला, "लॅड, माझ्यासाठी तिन्ही मुकेच. तू ऐक आणि सांग." मी म्हटलं, "आणि माझं चुकलं तर?" तर म्हणतो, "तर बायकोला सांगेन, इंडियातून मागवलेले कान खराब निघाले." आणि एकटाच हसत बसला.

एक तर आट्यांनाच बसेना, तो परत डब्यात गेला. राहिले दोन. एक अल्युमिनियमचा, आखूड, हातात घेतला तर पेरूएवढाही जड नाही. दिवसभर डोंगर चढायला बरा, पण बाराचा दणका थोडा उरतो आणि कानात माशी घोंगावावी तसं क्षणभर होतं. दुसरा पोलादी, मागे नळीवर चढून बसणारा. तो लावला की बंदुकीचं तोंड खाली झुकतं. शंभर यार्डांवर कागदावर मारून पाहिलं तेव्हा गोळी दोन बोटं खाली लागली, बंदुकीवरची दुर्बीण पुन्हा जुळवावी लागली. पण जुळवल्यावर पाच गोळ्या अंगठ्याखाली झाकतील अशा. घरी आल्यावर तो काढून, पुसून, उबेला ठेवावा लागतो, नाहीतर आतून गंजतो. म्हाताऱ्याला ही कटकट नको आहे. तरी म्हणाला, "आधी डोंगरावर ऐक, मग बोल."

म्हणून काल दुपारी जड मॉडरेटर लावून आम्ही वर गेलो. ओल्या गवतात पालथे पडलो, तो बंदुकीशी, मी त्याच्या उजव्या हाताला. समोर दोनशे यार्डांवर पाच हरणी. वारा पडलेला. त्याने बार काढला, आणि बाबा, आवाज आमच्याकडून आलाच नाही. बंदूक नुसती खोकली. कडाड झालं ते पलीकडच्या कड्यातून. गोळीच हवा फाडत जाते, तिचा आवाज कोणी मारू शकत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी कड्याकडेच बघत राहिलो, तिथे कोणी उभं आहे का म्हणून. हरणींनीही तिकडेच पाहिलं आणि त्या घाबरून आमच्याच दिशेने पळत आल्या. इतक्या जवळून गेल्या की त्यांच्या अंगाचा ओला वास आला. चारच. पाचवी खालच्या, आपल्या सुरूसारख्या झाडांच्या रानात घुसताना दिसली, धडधाकट, शेपूटसुद्धा न हलवता. आणि त्याआधी, कडाडच्या मागोमाग, मी ऐकलं होतं. ठप्प. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं.

म्हातारा माझ्याकडे वळला. उजेड उतरत होता. त्याने इंग्रजीतच विचारलं असणार, पण मला ऐकू आलं ते, "बार लागला काय रे?"

बाबा, गोळी अंगात शिरल्याचा हा आवाज मला माहीत होता.

त्या संध्याकाळी काजूच्या बागेखाली तुम्ही डुकरावर बार काढलात. धूर पांगला, डुक्कर जाळीत गेलं, आणि तुम्ही नेहमीसारखा उजवा कान माझ्याकडे करून विचारलंत. मी सोळा वर्षांचा, नववीतून उठलेला, एक पाय कायम घराबाहेर. शेजारच्या वाडीत कबड्डीची फायनल होती. लागला म्हटलं असतं तर तुम्ही मला घेऊन जाळीत शिरला असता, जखमी जनावर तुम्ही कधी मागे सोडत नव्हता. मी म्हटलं, "नाही बाबा, फुकट गेला." तुम्ही म्हणालात, "मेल्या, तुझे कान आहेत म्हणून बरं." आणि बंदूक खांद्याला लावून निघालात. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पाटाचं पाणी बघायला त्याच जाळीच्या कडेने गेलात. डुक्कर जिवंत होतं. तुम्हाला पाटावरून उचलून आणलं तेव्हा लोक म्हणत होते, ह्याला ते आलेलं ऐकूच गेलं नसेल. आई अजून तेच सांगते, की कान नव्हता म्हणून गेले.

काल मी म्हाताऱ्याला सांगितलं, "लागला." तो म्हणाला, "नक्की? ती तर मस्त पळाली." मी म्हटलं, "मी ऐकलं." रानात शिरलो. झाडांखाली शेवाळ इतकं जाड की आपलीच पावलं ऐकू येत नाहीत. रक्ताचा थेंब नाही. मी पुढे, तो मागे, आणि माझ्या डाव्या बाजूला आणखी कोणीतरी चालतंय असं मला सारखं वाटत होतं. मी तिकडे पाहिलं नाही. साठ पावलांवर ती पडलेली होती, डोळे उघडे, अंग गरम. म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली, "चांगले कान आहेत तुझे, लॅड." शब्द जवळजवळ तुमचेच, बाबा. मी वाकून तिचे पाय बांधत बसलो, तोंड वर केलं नाही.

उद्या मी त्याला जड मॉडरेटर सांगणार आहे. तो कुरकुरेल, म्हणेल म्हाताऱ्याच्या खांद्याची तुला दया नाही. पण त्याच्याने ठप्प स्वच्छ ऐकू येतं. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि आईकडे पाठवायची हिंमत नाही. ती शेजारणीकडून वाचून घेते. ते मॉडरेटरच्या डब्यात राहील. एवढं मात्र खरं सांगतो, रानातून परत आल्यावर दोन्ही टेबलावर होते तेव्हा माझा हात आधी हलक्याकडेच गेला. तो असता तर पुन्हा कधीतरी म्हणता आलं असतं, की मला ऐकू आलं नाही.