आत्याबाईंची साक्ष

प्रिय साधना,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, आणि तुझी आई आत्ता सकाळची भाकरी खाऊन ओट्यावर उन्हाला बसली आहे. फोनवर हे सांगितलंच असतं, पण मी फोन कानाला लावला की तुझ्या दादाला नेमकी तहान लागते आणि तो येऊन उभा राहतो. मला तर हे सबंध सांगायचंय, कुणी मध्ये न बोलता. लग्न होऊन आल्यापासून तुझ्या आईच्या, माझ्या आत्याबाईंच्या, हाताखाली राहिले, त्यांच्या बोलण्यावर तुझ्याजवळ कुरकुरलेही. त्या बाईला मी ओळखतच नव्हते गं. अजून मध्येच हातातलं काम थांबतं आणि मी नुसती त्यांच्याकडे बघत बसते.

यंदा आपल्या कळमनुरीच्या हळदीच्या कारखान्यात दादाने निवडणीचं यंत्र आणलं. पेमाबाईसकट सगळ्या निवडणीच्या बायांना सांगितलं, आता येऊ नका. तू परकर नेसून त्यांच्या मांडीवर लोळायचीस तेव्हापासून त्या येतात. घरी जाताना तुझे गाल पिवळे करून पाठवायच्या, आठवतं? त्यांना तांड्यावर कुणीतरी समजावलं, की हंगामी काम असलं तरी इतकी वर्षं केल्यावर ते सुटताना ग्रॅच्युइटी मिळते, कायद्याने मिळते, मालकाच्या मर्जीने नाही. त्यांनी अर्ज केला. दादा लालबुंद. त्याचं म्हणणं, या बाया नोकरीत होत्याच कधी? मृगाच्या आधी हंगाम संपला की संबंध संपला. पुढच्या साली येतात त्या नव्याने. सलग नोकरीच नाही, तर ग्रॅच्युइटी कशाची?

आता हे शाबीत कसं करायचं? तर तुझ्या हुशार भावाने ओटीचे जुने फोटो बाहेर काढले! हंगामाच्या शेवटच्या दिवशी आत्याबाई प्रत्येक बाईची ओटी भरतात ना, खण, नारळ आणि ओंजळभर गहू, ते फोटो. म्हणे, हा बघा दरवर्षीचा निरोप समारंभ. आणि ते खरं करायला साक्षीदार कोण नेला? आत्याबाई! मी म्हटलं, अहो, जरा विचार करा. पण माझं कोण ऐकतंय.

तुला एक गोष्ट माहीत नाही. तू तेव्हा बाळंतपणात नाशिकला होतीस. मामंजी गेले त्या साली हंगाम संपला, तेव्हा आत्याबाईंनी ताट माझ्या हातात दिलं आणि स्वतः पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन उभ्या राहिल्या. विधवेने ओटी भरायची नसते, मग काय करणार? मी पुढे झाले, तर पेमाबाईने पदरच पुढे केला नाही. म्हणाली, "आमी मायच्याच हातची घेऊ, न्हाई तर तशाच जाऊ." एकीनेही घेतली नाही. शेवटी आत्याबाई आल्या. ओटी भरताना निम्मे गहू खालीच सांडले. तेव्हापासून दरवर्षी त्याच भरतात. गावातल्या एकाही घराने पुन्हा त्यांच्या हातून ओटी भरून घेतली नाही. आपल्या घरानेही नाही.

तर साक्षीच्या दिवशी कामगार अधिकाऱ्यांपुढे आत्याबाई खुर्चीत बसल्या, डोक्यावर पदर, नजर खाली. साहेबांनी विचारलं, दरवर्षी या बायांची ओटी भरून तुम्ही त्यांना निरोप द्यायचात का? त्या म्हणाल्या, "व्हय." दादाच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्यांनी मान वर केली. पुरुषमाणसांसमोर मान वर केलेली मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. म्हणाल्या, "साहेब, लेक सासरी जाती तवा तिची ओटी भरत्यात. मंग काय ती आपली लेक राहत न्हाई? पुन्हा यावी म्हनून भरत्यात. कुनी जाते म्हनली की मी म्हनायची, जाते म्हनू नको, येते म्हन. आन् ती यायची. बराबर यायची. कामावरून काढलेल्या बाईची ओटी कोन भरंल?"

साधना, पेमाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. माझ्या अंगावर काटा आला, तो लिहिताना आत्ताही आलाय. त्या रागावून बोलल्या नाहीत, मुलाला दोष दिला नाही, दादाच्या वकिलाने उलटसुलट विचारलं तरी तेच सांगत राहिल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, उसाचा रस पिऊ गं. बर्फ नको म्हणून रसवाल्याशी हुज्जतही घातली.

निकाल बायांच्या बाजूने लागला. आता दादा अपिलात जाणार आहे, आणि तिथे तो काय सांगणार आहे ते मी काल ऐकलं. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला काय बोलते ते कळत नाही. ओळखीच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरतंय. तसं लिहून त्यावर माझी सही मागितली. मी नाही म्हटलं. आमच्या संसारात मी एवढं मोठं नाही कधी म्हटलं नव्हतं, आणि तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे. एक-दोन दिवसांत तो तुला फोन करील, गोड बोलेल, तुझ्याकडूनही लिहून मागेल. तू त्याची लाडकी बहीण, तुझं लिहिणं वजनाचं ठरेल. म्हणून हे पत्र. तुझी आई शहाणी आहे, साधना. तू एवढंच म्हण.

तुझीच, आता आत्याबाईंच्याही बाजूची,
उर्मिला वहिनी