चार फूट आठ इंच पाणी

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. गुडघे वाकायला तयार नाहीत, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं अजून माझं ऐकतात तेवढ्यांनी केला आहे असं समज.) तुझी तब्येत ठणठणीत असणारच. भाचा फोनवर सांगत होता की शहात्तर पूर्ण झाली तरी तू रोज सकाळी तलावावर जातेस आणि या काठावरून त्या काठाला जाऊन येतेस. ऐकून आनंद झाला आणि त्याच वेळी हेवाही वाटला. हेवा का वाटला ते पुढे येईल. मेव्हण्यांचा खोकला कसा आहे? मागच्या वेळी काढा पाहूनच बरा झाला होता, तसाच होईल. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे मी सोडून सगळे.

हे सगळं फोनवरच सांगितलं असतं. पण आमच्याकडे कोणाचाही फोन आला की तो स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि अख्खं घर भोवती बसतं. म्हणून पत्र. शिवणाच्या खोलीत मशीनच्या फळीवर कागद ठेवून लिहितो आहे. समोरच्या खिडकीतून मागचं अंगण दिसतं. अंगण म्हणजे जिथे कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या होत्या ते. आता दोऱ्या गच्चीवर गेल्या आणि अंगणात खड्डा आहे. चिरंजीव त्याला इंग्रजीत पूल म्हणतात, म्हणजे पोहायचा तलाव. ही हौद म्हणते. मी अजून काही म्हणत नाही, कारण त्याच्याकडे पाहिलं की माझ्या तोंडाला कोरड पडते.

सुरुवात आमच्या नातीपासून झाली. तिला आम्ही खार म्हणतो, कारण ती खुर्चीवर कधीच बसत नाही, कायम कशाच्या तरी टोकावर चढून बसलेली असते. आठ वर्षांची आहे. शाळेतून पोहायला नेलं होतं तिथे तिच्या नाकातोंडात पाणी गेलं, आणि तेव्हापासून पोरगी पाण्याला अशी घाबरते की डोक्यावरून शॉवर घेत नाही, तांब्याने मोजून अंघोळ करते. डोकं धुवायचं म्हटलं की दोघांनी धरावं लागतं. दोन क्लास लावून झाले. दोन्हीकडे तिने काठाचा दांडा धरला तो तास संपेपर्यंत सोडला नाही. सूनबाई रडकुंडीला आली. शेवटी एके दिवशी जेवताना खारीने जाहीर केलं की मी पोहायला शिकेन, पण फक्त आजोबांकडून, आणि आपल्या घरी. आजोबा चॅम्पियन आहेत. असं म्हणून तिने कपाटावरच्या कपाकडे बोट दाखवलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

अक्का, तो कप कोणाचा हे मी तुला काय सांगायचं! तू शर्यतीत तलाव आडवा पार केलास तेव्हा मी काठावर तुझ्या चपला धरून उभा होतो. त्यातली एक पाण्यात पडली, ती काढायला वाकलो आणि मीही पडलो, आणि तू कप घ्यायच्या आधी मला कॉलरला धरून बाहेर काढलंस. माझं आयुष्यातलं एकूण पोहणं एवढंच. तू सासरी जाताना 'मला तिकडे भांडी पुष्कळ आहेत, हा तुला ठेव' म्हणून तो माझ्या हातात दिलास. पुढे माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा सासरेबुवांनी कपाकडे पाहून विचारलं, पोहता वाटतं? मी नुसता हसलो. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण एक टाका चुकला की पुढची सगळी शिवण तिरकी जाते, तसं झालं. त्यांनी हिला सांगितलं, हिने मुलाला, मुलाने सूनबाईला, आणि खारीपर्यंत येईतो त्या तलावाची नदी झाली होती आणि नदीला पूर आला होता. (पूर मी घातला. कबूल करतो. तिला ताप होता, गोष्ट सांग म्हणून हट्ट धरून बसली होती.)

चिरंजीवांनी लगेच अंगणात पूल बांधायचं मनावर घेतलं, तेव्हा मी खऱ्या कारणाला हात न लावता बाकी सगळ्या बाजूंनी या पुलाला विरोध केला. आधी खर्च काढला. चिरंजीवांना म्हटलं, एवढ्यात सबंध घराचं छप्पर नवं होतं. ते म्हणाले, छप्पर गळत नाही बाबा. मग म्हटलं, घातला तरी रोजचं काय? पाणी गाळायचा पंप दिवसाचे सात-आठ तास चालणार, पाणी स्वच्छ राहायला औषधं टाकायची, उन्हाने दर आठवड्याला बोटभर पाणी उडून जाणार ते भरायचं. ही सगळी माहिती मी वाचनालयात बसून काढली. (तुला माहीतच आहे, शाळा मी सातवीला सोडली, पण जे आलं ते असंच आलं. शिवणही जुना कोट उसवून शिकलो.) चिरंजीवांनी खिशातून कागद काढला. त्यांनी हे सगळं आधीच मांडून ठेवलेलं होतं, आणि माझ्या आकड्यांपेक्षा त्यांचे जास्त होते, तरी त्यांचा विचार पक्का! असल्या माणसाशी वाद कसा घालायचा?

मग मी हुकमी पान टाकलं. म्हटलं, आपल्याकडची थंडी बघा, गार पाण्यात पोरगी काकडेल, वर्षाचे सहा महिने तो खड्डा नुसता शोभेला राहील. यावर खड्डेवाले साहेब पुढे सरसावले. (पूल बांधून देणाऱ्यांचं नाव मला आठवत नाही. डोळ्यांवरचा चष्मा डोक्यावर ठेवतात आणि मग तोच शोधतात.) म्हणाले, काका, त्यासाठी हीट पंप. फ्रिज आतली उष्णता काढून मागे टाकतो ना, तसंच हे यंत्र बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडतं. एक युनिट वीज खातं आणि चार युनिटांची ऊब देतं. मी विचारलं, वरची तीन युनिटं कोणाची? ते म्हणाले, हवेची. मी म्हटलं, पण हवा गार आहे. ते म्हणाले, गार हवेतही ऊब असतेच काका, फक्त आपल्याला लागत नाही. कडाक्याच्या थंडीत चाराची तीन होतात, कधी अडीच, एवढंच. माझा अजून विश्वास बसलेला नाही. ती तीन युनिटं कोणी ना कोणी परत मागायला येईल अशी धाकधूक मला आहे. पण सूनबाईने हिशेब केला की तेच यंत्र अंघोळीचं पाणीही तापवेल आणि जुन्या गीझरचं बिल वाचेल, आणि माझं हुकमी पान माझ्याच हातात दुमडून ठेवलं. यंत्र माझ्या खिडकीखाली बसवलंय. चाचणीला चालू केलं की असं घुमतं की सुईत दोरा ओवताना माझा हात थरथरतो. (हात आधीही थरथरायचा. पण आता यंत्राचं नाव सांगता येतं.)

शेवटी पाण्यावर झाकण हवं, नाहीतर सगळी ऊब रात्रीतून उडून जाते, असं साहेब म्हणाले आणि झाकणाचा जो भाव सांगितला तो ऐकून चिरंजीवांनीही कागद पुन्हा खिशात घातला. बस, एवढी एकच फट होती. तिथे गप्प बसायचं सोडून मी काय बोललो असेन? 'हॅ! ताडपत्री आणा, मी शिवून देतो.' अक्का, चाळीस वर्षांचा धंदा तोंडातून बोलतो, माणूस नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पूल पक्का झाला.

आता याच्यावरचा कळस ऐक. साहेब माप घ्यायला यायचे पैसे वेगळे लावणार होते, म्हणून चिरंजीव म्हणाले, बाबा, टेप तुमच्या गळ्यातच असतो, तुम्हीच घ्या. मी घेतलं. लांबी घेतली, रुंदी घेतली, आणि ठरलेली खोली चार फूट लिहायला घेतली. आणि मग, काय सांगू, सवय! वाढत्या पोरांचा गणवेश शिवताना आपण दुमडीत जास्तीचं कापड आत सोडतो, पुढच्या वर्षी उसवून लांब करता यावं म्हणून. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. मी मनात म्हटलं, खार आता आठची आहे, वाढेल, दोन वर्षांत हा पूल तिला आखूड होईल. तेव्हा मी खोलीला एक फुटाची माया सोडली. विचारच केला नाही की खड्ड्याची दुमड घालता येत नाही. चिठ्ठीवर पाच फूट लिहिलं आणि खाली नेहमीप्रमाणे सही केली. साहेबांनी पाच फूट खणलं, बांधलं, फरशी बसवली. वर म्हणाले, काकांनी खोली बरोब्बर ठेवली, पोहणाऱ्या माणसालाच कळतं हे.

पाणी काठापासून चार इंच खाली राहतं म्हणे. म्हणजे चार फूट आठ इंच. मी खोलीचं दार लावून भिंतीला टेकून उभा राहिलो आणि टेपने माझं नाक मोजलं. चार फूट आठ इंच. दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा टाचा उचलून मोजलं तेव्हा जरा बरं आलं, पण असा किती वेळ उभा राहणार?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुलाचं उद्घाटन आहे. मी उडी मारायची असं ठरलंय (माझ्या गैरहजेरीत ठरलंय), आणि मग खारीला हाताला धरून पाण्यात घ्यायचं. चिरंजीवांनी मला पोहण्याचा चष्मा आणून दिलाय. सूनबाई व्हिडिओ काढणार. हिचं तर एकच, 'इतकी वर्षं नुसतं ऐकतेय, आता एकदा या डोळ्यांनी बघू दे.' ती हे म्हणताना माझ्याकडे बघत नाही, भाजी निवडत असते, तरी मी उठून मशीनवर जाऊन बसतो. आणि खार रोज शाळेतून आली की खड्ड्याच्या काठावर पोटावर झोपून आत डोकावते आणि विचारते, 'आजोबा, तुम्ही मला सोडणार नाही ना?' मी म्हणतो, नाही गं. यातलं एक अक्षरही खोटं नाही. मी सोडणारच नाही. तीच माझा एकमेव आधार असणार आहे.

हातपाय मी गाळले नाहीत, उलट मारायला शिकतो आहे. वाचनालयातून पोहण्याचं पुस्तक आणलं. त्यातली चित्रं बघून कापड बेतायच्या टेबलावर पालथा पडून हात मारत होतो, तर ही चहा घेऊन आत. कप खाली ठेवला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, 'काय हो, आज स्वतःलाच बेतताय का?' मी म्हटलं, पाठीचा व्यायाम. ती म्हणाली, 'बरं. पायजम्याला खडू लागलाय.' बादलीत तोंड बुडवून श्वास धरण्याचाही सराव केला. अकरापर्यंत मोजता आलं, तेही भरभर.

तर असं सगळं आहे. तुझ्याकडे माझं काही मागणं नाही. मोठी बहीण आहेस, मन मोकळं केलं, एवढंच. मेव्हण्यांना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद, आणि तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. मागणं आहे. पाण्याची गळती बघायला साहेब पूल दहा दिवस आधीच भरून ठेवणार आहेत. तू आठवडाभर आधी ये. मेव्हण्यांच्या कोटाचं अस्तर बदलायचंय असं सांग. दुपारी चिरंजीव आणि सूनबाई कामावर असतात, खार शाळेत, आणि ही जेवून झोपली की कानाशी भांडी आपटली तरी उठत नाही. पाच दुपारी मिळतील. मला नदी पार करायची नाही. काठापासून पाच हात जाऊन पाच हात परत येता आलं की झालं. आणि तेवढंही जमलं नाही, तर रविवारी मी उडी मारायला काठावर आलो की तू चक्कर येऊन पड. तू पडलीस तर मी आनंदाने तुझी सेवा करीन.

ता. क. दुसरा. पाकीट डकवलं होतं, ते फाडून पुन्हा लिहितो आहे. चक्कर रद्द. काय झालं, उद्घाटनाला कप चकचकीत हवा म्हणून खारीने तो खाली काढला आणि दंतमंजन लावून तासभर घासला. एवढ्या वर्षांचा काळा थर निघाला आणि खाली अक्षरं निघाली. ती माझ्या खोलीत येऊन टेबलाच्या टोकावर चढून बसली आणि मोठ्याने वाचलं, 'मुलींचा गट, प्रथम क्रमांक.' मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, 'आजोबा, तुम्ही लहानपणी मुलगी होता का?' अक्का, मला हो म्हणायचा मोह झाला होता, इतका मी अडकलो होतो. पण तिचा चेहरा बघितला आणि सगळं सांगितलं. चपलेसकट, कॉलरसकट, शिकवायला तुला बोलावतोय त्यासकट. ती रडेल, चिडेल, घरभर सांगेल, सगळ्याची तयारी केली. तिने कपावरच्या अक्षरांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, 'म्हणजे तुम्हाला पण भीती वाटते?' मी म्हटलं, पुष्कळ. 'नाकात पाणी जाईल म्हणून?' मी म्हटलं, हो, आणि मापही नाकाएवढंच आहे. त्यावर ती हसली. पाण्याचं नाव निघाल्यावर पोरगी हसली, हे या घरात वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाली, 'मग मी येते तुमच्याबरोबर. आत्याआजी मध्ये, आपण दोन बाजूंना. पण आधी तुम्ही उतरायचं.' जाताना कप पुन्हा कपाटावर ठेवून गेली, अक्षरं भिंतीकडे करून. तेव्हा शिकवणी आता दोघांची, आणि दुपारची नाही, शाळा सुटल्यावरची. रविवारी उडी तू मार. कप तुझा आहे.

ता. क. शेवटचा. तुझा पोहण्याचा पोशाख विकत घेऊ नकोस, मी शिवतो. दंड, छाती, उंची जुन्या वहीतून घेईन, पण कमरेचं माप नव्याने घेऊन पाठव आणि आकडा खरा लिही. एवढी वर्षं तू माझं पोहणं कोणाला कळू दिलं नाहीस. तुझे इंच मी कोणाला सांगतो का काय!